धडपडराव आणि आमचा तंबू

फिरत्या बायस्कोपच्या तंबूत चार वर्षं काढली की किस्से शोधावे लागत नाहीत. धोतराला कुसळं चिकटावीत तसे ते चिकटतात. निजामाच्या राज्यात, बीडच्या गावागावांत आम्ही बैलगाडीतून मशीन घेऊन फिरायचो, तेव्हाचे हे.

आमची सगळ्यात चालणारी रिळं फ्रान्सची. त्यांत बारीक मिशांचा एक हॅटवाला साहेब कायम पडायचा. शिडीवरून, सायकलवरून, थेट सासऱ्याच्या अंगावर! लोकांनीच त्याचं नाव धडपडराव ठेवलं. चित्रं मुकी, म्हणून पडद्याशेजारी उभं राहून मी गोष्ट सांगायचो. मालक करीमभाई मशीन फिरवायचे. राहतं घर विकून त्यांनी ते घेतलेलं. धडपडराव चालला तर आमची चूल पेटणार!

*

पाली गावात एक शेतकरीबाबा लागोपाठ तीन दिवस आले. धडपडराव तिन्ही दिवस त्याच शिडीवरून पडला. तिसऱ्या दिवशी बाबा उठून उभेच राहिले.

"आरं, काल बी हितंच पडलास, परवा बी हितंच! आज तरी बघून चढ की बे!"

तो चढला आणि पडला. बाबा मला म्हणाले, "ह्याला सांगून उपेग न्हाई. मी चाललो."

*

नांदूरघाटला पुढची सगळी जागा तालमीतल्या पैलवानांनी धरली होती. धडपडराव सासऱ्याशी झोंबला आणि दोघं कोलमडले. मी जोरात ओरडलो, "हरला धडपडराव!"

झालं! वस्ताद पडद्यापाशी आले. "कावून हरला? पाठ कुठं लागली? कुशीवर पडलाय त्यो!"

अर्धा तंबू "लागली", अर्धा "न्हाई लागली"! शेवटी करीमभाईंनी ते रीळ चार वेळा फिरवलं. वस्तादांनी गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून पाहिलं आणि कुस्ती बरोबरीत सोडवली.

*

एका गावात एक म्हातारी कळवळली. "लेकराला कुणाची तरी नजर लागली हाय. माणूस इतकं पडतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती मीठमिरच्या आणि निखाऱ्यांची शेगडी घेऊनच आली. पडद्यावर धडपडराव दिसताच तिने त्याच्यावरून सात वेळा उतरवलं आणि मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. सगळा तंबू खोकून बेजार! करीमभाईंना तर मशीन दिसेना.

म्हातारीही खोकत होती. डोळे पुसत म्हणाली, "ठसका लागला म्हंजी नजर न्हाई. हे येडं मुळातच धांदरट हाय!"

*

आणि शिरूर कासारचा किस्सा. तिथे परवाना एकाच दिवसाचा मिळाला होता. पुढचं अमीनसाहेबांच्या, म्हणजे तिथल्या पोलीस अंमलदारांच्या, मर्जीवर. साहेब स्वतः खेळाला आले. नेमकं त्या दिवशीच्या रिळात धडपडराव एका फौजदाराला घेऊन चिखलात पडायचा! मी घाबरून सांगितलं, "हा फौजदार न्हाई, बँडवाला हाय!"

साहेब उठले. "बंद करो!" म्हणत मशीनकडे निघाले आणि तंबूच्या दोरीत पाय अडकून, तुऱ्याच्या फेट्यासकट, मशीनशेजारी ठेवलेल्या पाण्याच्या घंगाळात बसले.

सगळा तंबू फुटल्यासारखा हसला आणि लगेच उपरणी तोंडात कोंबून बसला. करीमभाई मशीनपुढे आडवे उभे राहिले. मशीन जप्त होणार, हे माझ्याही लक्षात आलं.

साहेब घंगाळातूनच म्हणाले, "सच बोलो. कौन अच्छा गिरा? वो, या मैं?"

करीमभाईंनी हात जोडले. "हुजूर, उसकू तो रोज की आदत है."

साहेबांनी फेटा पिळला.

"तो फिर आठ दिन रुको. हम भी सीखेंगे!"