थांबताईंची वही

थांबताई सगळ्याला भ्यायच्या. विजेला भ्यायच्या, सीडीवरच्या ओरखड्याला भ्यायच्या, जिन्यावर विभागप्रमुखांच्या बुटांचा आवाज आला की त्यालाही भ्यायच्या. पण त्यांची सगळ्यात मोठी भीती म्हणजे कीबोर्डवरचं एंटरचं बटण. कुणाचंही बोट तिकडे निघालं की मागून हलक्या आवाजात एकच शब्द यायचा, "थांब." मग त्या वाकून पडद्यावरची ओळ शब्द न् शब्द वाचायच्या, ओठ हलवत, आणि मान डोलवली की आम्ही बटण दाबायचं. क्लबातल्या गुजराती पोरांना तर कित्येक महिने वाटत होतं की थांब हे त्यांचं नावच आहे. ती त्यांना सरळ थांबबेन म्हणायची आणि ताई ओ द्यायच्या.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं सुरतेतलं. ताई विद्यापीठाच्या संगणक विभागात लॅब असिस्टंट होत्या, त्याही हंगामी, दर वर्षी नव्या कागदावर. त्यांचे वडील रेल्वेत होते, घर उधन्याला. आम्ही दहा-बारा पोरांनी तेव्हा लिनक्सचा क्लब काढला होता. फुकट मिळणारी, उघडून बघता येणारी, दुरुस्त करून दुसऱ्याला देता येणारी प्रणाली म्हणजे आमच्यासारख्या नवागाम-पांडेसऱ्याच्या कामगार वस्तीतल्या पोरांना लॉटरीच. मासिकाबरोबर आलेली एक सीडी आम्ही वीस जणांत फिरवायचो. दर रविवारी दुपारी लॅबमध्ये बैठक भरायची, आणि लॅबची किल्ली ताईंकडे. विभागप्रमुखांनी परवानगी दिली होती, पण तोंडी. ताई म्हणायच्या, "तोंडी परवानगी म्हणजे काय, तर काही झालं की ते म्हणणार मी कुठे बोललो." म्हणून दर रविवारी त्या आधी येऊन सगळ्या खिडक्या बघायच्या आणि सहा वाजता चौकीदार यायच्या आत खुर्च्या होत्या तशा लावून ठेवायच्या. इतकी भीती वाटत होती तर किल्ली द्यायची कशाला, हे मला कधी कळलं नाही. पण एकही रविवार त्यांनी चुकवला नाही.

महिन्यातून एकदा लोक आपापले संगणक उचलून आणायचे आणि आम्ही त्यांवर लिनक्स चढवून द्यायचो. तो आमचा सणच. कुणी रिक्षातून संगणकाचा डबा आणायचं, कुणी स्कूटरवर पायांमध्ये ठेवून. खायला कुणी लोचो आणायचं, कुणी खमण. त्या दिवशी ताईंची वही निघायची. शाळेची दोनशे पानी वही, खाकी कव्हर घातलेली. डिस्क कशी कापली आहे, कुठला भाग कितव्या आकड्याला सुरू होतो आणि कितव्याला संपतो, ते मालकाने स्वतःच्या हाताने वहीत उतरवल्याशिवाय त्या मशीनला कुणी हात लावायचा नाही. ते झालं की ताई विचारायच्या, "गेलं तर रडशील, असं काय आहे यात?" ते सगळ्यांसमोर सांगायचं आणि शेवटच्या रकान्यात लिहायचं. रकान्याचं नावच होतं भीती. कुणी सांगायचं बहिणीच्या लग्नाचे फोटो, कुणी सांगायचं परवा द्यायचा प्रोजेक्ट. एकाने सांगितलं, संगणक मामाचा आहे आणि मामा हात उचलतो. आम्ही हसायचो. ताई नाही हसायच्या. त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

सहलीलाही तीच तऱ्हा. थंडीत आम्ही नदीकाठी पोंक खायला जायचो, कोवळी ज्वारी, वर शेव आणि लिंबू. ताई खायच्या कमी, मुंडकी मोजायच्या जास्त. एकदा डुमसला समुद्रावर गेलो तर त्यांनी आम्हाला घोट्यापुढे पाण्यात जाऊ दिलं नाही. कॉलेजातली मिशा फुटलेली पोरं आम्ही, ओळीने घोटाभर पाण्यात उभे! लोक बघून हसत होते. मी वैतागून म्हटलं, ताई, एवढं भिऊन माणूस जगतो तरी कसा? त्या म्हणाल्या, "भिऊनच जगतो रे. न भिता जगणारा दुसऱ्याच्या जिवावर जगतो." मला तेव्हा हे वाक्य अगदी भंपक वाटलं होतं.

त्या अशा का झाल्या, ते परतीच्या बसमध्ये त्यांनीच सांगितलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून पीएचडी करणाऱ्या एकाची तीन वर्षांची निरीक्षणं पुसली गेली होती. एक बटण, बस. तो माणूस बोलला नाही, भांडला नाही. रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि निघून गेला. पुन्हा विभागात दिसलाच नाही. "ओरडला असता तर बरं झालं असतं," ताई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आता माझा पराक्रम सांगतो.

माझे वडील बमरोलीच्या एका साड्या छापणाऱ्या मिलमध्ये कामाला. धुळ्याकडून आलेला माणूस, वीस वर्षं रंगाच्या वाफेत उभा. मिलच्या डिझाइनच्या खोलीतला संगणक सारखा अडकायला लागला, तेव्हा शेठसमोर वडील बोलून गेले की माझा पोरगा हेच शिकतो. शेठ म्हणाला, ने, पण सोमवारी सकाळी मशीन जागेवर पाहिजे, दिवाळीची सगळी डिझाइनं त्यातच आहेत, काही झालं तर तू पण येऊ नकोस. वडिलांनी ते हसत हसत घरी सांगितलं. शनिवारी मी डबा उघडला, धूळ झटकली, मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, आणि मशीन सुरळीत चालायला लागलं. तिथेच हात जोडून परत द्यायचं की नाही? पण मी पडलो दीडशहाणा. एवढं दांडगं मशीन क्लबात कुणी पाहिलेलं नव्हतं. माझी एक जुनी डिस्क दुसरी म्हणून जोडायची, तिच्यावर लिनक्स चढवून पोरांना दाखवायचं, डिस्क काढून घ्यायची आणि सोमवारी मशीन परत. शेठच्या डिस्कला हातही लागणार नव्हता.

रविवारी वडील स्वतः रिक्षात मशीन मांडीवर घेऊन बसले. लॅबमध्ये यायला काही तयार होईनात. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर, चपला बाकाखाली काढून, बसून राहिले. आत ताईंनी वही पुढे केली. मी म्हटलं, वहीची काय गरज आहे, मी माझ्याच डिस्कवर काम करणार आहे. त्या म्हणाल्या, तरी लिही. मी म्हटलं, लिहितो नंतर. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी पोरांकडे बघून डोळा मारला. "काही नाही ताई. मला भीतीबिती वाटत नाही."

मशीन सुरू झालं. कोण कौतुकाने मेमरीचा आकडा बघतंय, कोण मॉनिटरला हात लावतंय. मीही फुशारलो. माझ्या जुन्या डिस्कवरचे म्हणून आधीचे भाग पडद्यावर काढून टाकले, आता हे डिस्कवर लिहायचं, की झालं. ताई तेवढ्यात दाराशी कुणाशी तरी बोलत होत्या, त्यामुळे मागून थांब आलं नाही. मी एंटर दाबलं. आणि दाबल्या दाबल्या पडद्यावर डिस्कचा आकार दिसला. माझी डिस्क केवढीशी, हा आकडा तिच्या चौपट. मी पहिल्या डिस्कवर होतो. शेठच्या.

पुन्हा चालू करून पाहिलं. काळा पडदा, वर एकच ओळ, प्रणाली सापडत नाही. पोरं हळूहळू मागे सरकली. ताई आल्या, पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता या ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "यानंतर काही केलंस?" मी मान हलवली. नाही म्हणून. "मग हात खाली ठेव. आणि आधी बाहेर जाऊन वडिलांना सांग."

मी म्हटलं, ताई, आधी बघूया ना, सुटलं तर सांगायची गरजच नाही. त्या म्हणाल्या, "त्यांची नोकरी आहे. त्यांना माहीत नको?"

दहा पावलांचा व्हरांडा. मी गेलो, उभा राहिलो, सांगितलं. काय शब्दांत सांगितलं ते आठवत नाही. वडिलांनी विचारलं, "बठ्ठं गयं का रे?" सगळंच गेलं का. ते चपला घालायला वाकले आणि एक पाय चपलेत, एक बाहेर, तसेच बसून राहिले. "शेठले काय सांगू मी आते?" हे त्यांनी मला विचारलं नव्हतं, तरी मला तिथे उभं राहवेना.

आत आलो तर ताई वही उघडून बसल्या होत्या. माझ्या नावाचं पान, आणि त्यावर शेठच्या डिस्कचे सगळे आकडे, सुरुवात, शेवट, प्रकार, एकाखाली एक. त्यांच्या अक्षरात. मी मशीन चालू करून पोरांना लोचो वाढत फिरत होतो, तेवढ्यात त्यांनी उतरवून घेतले होते. पुसला गेला होता तो फक्त भागांचा नकाशा; हेच आकडे परत भरले तर आतली डिझाइनं जशीच्या तशी सापडणार होती. त्या म्हणाल्या, "तू भीत नव्हतास. मग कुणीतरी भ्यायला हवं होतं."

मी म्हटलं, ताई, तुम्हीच टाइप करा, माझ्याकडून परत चूक होईल. त्या म्हणाल्या, माझ्याकडूनही होईल, तूच कर. त्या आकडा वाचायच्या, मी टाइप करायचो, मग मी पडद्यावरचा वाचायचो आणि त्या वहीवर पेन्सिलीने टिंब द्यायच्या. असं तीनदा. पाच वाजून गेले होते. मध्येच दिवे एकदा मिणमिणले आणि आम्ही सगळेच श्वास रोखून बसलो. शेवटी उरलं ते एंटर. बोट उचललं आणि मीच थांबलो. मागे वळून पाहिलं. ताईंनी डोळे मिटले होते. तसंच त्यांनी मान डोलवली.

मशीन सुरू झालं. साड्या, वेलबुट्ट्या, काठ, पदर, एकेक करत सगळ्या उघडून पाहिल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताई बाहेर जाऊन वडिलांना आत घेऊन आल्या आणि त्यांना खुर्चीवर बसवून प्रत्येक डिझाइन दाखवलं. सोमवारी मशीन जागेवर गेलं आणि वडील पुढे अकरा वर्षं त्याच मिलमध्ये होते.

दीडेक वर्षाने ताईंचा नेमणुकीचा कागद पुढे निघाला नाही. तोंडी परवानगीही त्यांच्याबरोबरच गेली, किल्ली दुसऱ्याकडे गेली आणि क्लब पांगला. त्या भुसावळला बहिणीकडे जायला निघाल्या, तेव्हा आम्ही चौघं उधना स्टेशनवर गेलो होतो. गाडी येईस्तोवर त्यांनी तिकीट पाच वेळा काढून पाहिलं. गाडी हलायच्या आधी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, आता तू भीत जा.

घरी येऊन मी वही चाळली. लग्नाचे फोटो, परवाचा प्रोजेक्ट, मामा हात उचलतो. मग माझं पान. शेवटच्या रकान्यात मी सांगितलेलं 'काही नाही' त्यांनी लिहिलंच नव्हतं. तिथे लिहिलं होतं, "वडील बाहेर बसलेत."

वडील जेवत होते. मी त्यांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, तू मशीन सुरू करायच्या आधीच ती बाई मला पाणी द्यायला आली होती. तिने विचारलं, काका, भीती वाटते का? "माले भेव वाटे," वडील ताटाकडे बघत म्हणाले, "तिले सांगं मी."

तिला सांगितलं होतं, मला त्यांनी ते कधीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.