अवसेचा शिक्का

माणसाचा संताप किती ताणता येतो हे ज्याला पाहायचं असेल, त्याने आमच्या कचेरीतल्या शिक्केवाल्या काकांच्या शेजारी वर्षभर टेबल मांडावं. दुष्काळाच्या आदल्या वर्षी ते माझ्या नशिबी आलं. नगरला जाणाऱ्या प्रत्येक फायलीवर तारखेचा शिक्का मारणं एवढंच काकांचं काम. पण थाट पूजेचा. आधी शिक्क्यावर फुंकर घालत, पहिला ठसा स्वतःच्या तळहातावर उमटवून पाहत, आणि संध्याकाळी शिक्का उपरण्यात बांधून घरी नेत. कुणी हात लावलाच तर, "भाऊसाहेब, वरवंटा न्हाई त्यो," असं ऐकवत.

एके दिवशी नगरहून फोन आला. "तुमची फाईल आमच्याकडे आज पोहोचली. शिक्क्यावर मात्र ती उद्या निघणार आहे. हे जमवता कसं?" आमच्या साहेबांनी शोध माझ्या गळ्यात घातला. मी शिक्क्याच्या चक्रांना तेल दिलं, भिंतीवरचं कॅलेंडर बदललं, शेवटी नवा शिक्का मागवला. काही दिवस तारखा सरळ, आणि पुन्हा एक फाईल उद्याची! वैतागून चुकलेल्या तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या, तर प्रत्येक चूक अमावास्येची.

"मग? अवसेची तारीख लोकांच्या कागदावर मारू व्हय?" काका म्हणाले. "कुनाचं वाईट करायचं न्हाई आपल्याला."

मी कपाळावर हात मारून घेतला, कारण वाईट झालंच होतं. एका म्हातारीने शेताच्या वाटेसाठी केलेलं अपील मुदतीच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे दिलं होतं. तो दिवस नेमका अवसेचा निघाला. काकांनी पुढची तारीख मारली आणि नगरला ते मुदतीबाहेर ठरलं. हे सांगितल्यावर काकांनी त्या संध्याकाळी शिक्का उपरण्यात न बांधता टेबलावरच ठेवला.

नगरच्या साहेबांनी त्या अपिलाच्या खुलाशासाठी आम्हाला बोलावलं तेही नेमकं अमावास्येला. अवसेला दाढीसुद्धा न करणारे काका माझ्याआधी एस.टी.च्या थांब्यावर हजर!

"काका, आज अवस आहे."

"म्हाईत हाय. पर म्हातारी रानात जायची कुठून?"

साहेबांपुढे हात जोडून त्यांनी सगळं सांगितलं. साहेब आधी कडाडले, मग हसू दाबत त्यांनी अपील दाखल करून घेतलं.

काकांचा शिक्का मात्र गेला. तो माझ्याकडे आला आणि त्यांना जुन्या कागदांच्या दप्तरखान्यात बसवलं. एकदा मी तिकडे डोकावलो.

"करमतं का, काका?"

"बरं हाय," ते धूळ झटकत म्हणाले. "हितल्या समद्या तारखा होऊन गेल्यात. आता त्या कुनाचं काय वाईट करनार?"

एरवी मी चिडलो असतो. त्या दिवशी त्यांच्याजवळ नुसता बसून राहिलो.