अंबरनाथहून कोण बघतंय?

माझ्या मुलीच्या लग्नाला तिचा मामा येणार की नाही, हे एका वेबसाइटवर येऊन अडकलं होतं.

उल्हासनगरच्या बाजारात सोफ्यांचं दुकान मी शून्यातून उभं केलं. भाव करायला आलेल्या भल्याभल्यांना तिथे घाम फोडला. माझा घाम काढला तो दुकानाच्या वेबसाइटनं! ती बनवली मुलीनं, सोनलनं. कुठल्या गावातून कोणी साइट बघितली, तेही त्यात कळायचं. रोज यादीत वर एकच गाव : अंबरनाथ.

अंबरनाथ पश्चिमेला माझा मेहुणा दिलीप राहतो. तोही सोफेच विकतो. (कारागीर माझाच पळवलेला! विसरलेलो नाही.)

"तुझा भाऊ माझे भाव चोरतोय," मी बायकोला म्हणालो.

"अहो, त्याला स्वतःचे लक्षात राहत नाहीत, तुमचे काय चोरणार!"

मी मोठ्या सोफ्याची किंमत पाचशेनं उतरवली. बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या घरी चहा पिता पिता साइट उघडून खात्री केली. दुकानात येऊन यादी बघतो तर, पुन्हा अंबरनाथ! आणखी पाचशे उतरवले. घरी पुन्हा खात्री. पुन्हा अंबरनाथ! पंधरवड्यात सोफा नुसत्या लाकडाच्या किमतीत आला.

शेवटी फोन लावला. "दिल्या, चोरून काय बघतोस रे?"

"काय बघितलं दाजी?"

"माझा सोफा!"

"तुमचा? फुकट दिलात तरी बसणार नाही!"

"मग लग्नालाही येऊ नकोस!"

"नाही येत, जा!"

बायकोनं हातातल्या पत्रिका खाली ठेवल्या. "पोरीला बोहल्यावर कोण नेणार? तुमची वेबसाइट?"

मी पुरावा म्हणून सोनलला यादी दाखवली. तिनं घरातच माझ्या फोनवर साइट उघडली. यादीत नवा पाहुणा : अंबरनाथ! दिलीप खाली उभा आहे का, म्हणून मी खिडकीतून वाकून पाहिलं. (खरंच पाहिलं!)

"पप्पा, ते गाव माणसाचं नसतं. नेटच्या पत्त्यावरून लावलेला अंदाज असतो. आपलं कनेक्शन अंबरनाथहून येतं, म्हणून आपण घरातून बघितलं की अंबरनाथच दिसतं. घरातून रोज साइट कोण बघतं?"

मी चहाचा कप खाली ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

पेढे घेऊन दिलीपकडे गेलो, हात जोडले. त्यानं शांतपणे मोबाइल काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी साइट उघडली.

"येतो दाजी. पण हा सोफा याच भावात द्यायचा. भाचीला मामाचा आहेर!"

आज मुलीच्या सासरी सगळे त्या सोफ्यावर बसून मामाचं कौतुक करतात. आणि भावात त्याला एका रुपयाचीही घासाघीस करावी लागली नाही. त्याच्या वाटची सगळी मी आधीच करून ठेवली होती!