गावचा टोप

मरोळच्या चाळीत सुगंधाची खानावळ होती, असं म्हणायची पद्धत होती. खरं म्हणजे खानावळीच्या मालकीची सुगंधा होती. खोली गावच्या मंडळाची, जेवणारे गावचे, आणि बांगडा तळायचा की त्याचं तिखलं करायचं हेही गावच ठरवायचं. नवरा दत्ताराम गिरणीत होता. संपाच्या दुसऱ्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याचे चुलते नाना, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, बाराव्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "सुगंधाक आमी वाऱ्यार सोडूचव नाय." सोडलं नाही हे खरं. पण त्या दिवसापासून तिला जागचं हलताही आलं नाही.

गिरण्या सुटलेली माणसं मरोळच्या कारखान्यांत लागली होती. पाळीप्रमाणे ती जेवायला यायची, आणि कोकणातली जीभ ती, नारळाशिवाय घास उतरायचा नाही. खवून खवून सुगंधाचा खांदा निकामी व्हायला आला होता. एक दिवस समोरच्या खोलीतली द्रौपदी दारात उभी राहून म्हणाली, "सरका ताई, मी खवते." ती साताऱ्याकडची, घरात बुद्धाची तसबीर. त्या दिवशी बसली ती रोजच दुपारी येऊन बसू लागली. खवता खवता दोघी सासरमाहेरची यथेच्छ निंदा करायच्या. सुगंधाच्या दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता. जेवणाऱ्यांना हे तिनं कधी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, अशी ती मनाची समजूत घालायची. पण द्रौपदीला ती दुपारीच बोलवायची, माणसं कामावर असताना, हेही तिला पक्कं माहीत होतं.

सव्वीस जानेवारीला सुट्टी असायची, म्हणून मंडळाचा मेळावा त्या दिवशी भरायचा. मेळाव्याचं जेवण गावच्या टोपातच व्हायला हवं, हा नियम. टोप पितळी, एका माणसाला उचलणार नाही असा, काठावर गावाचं नाव कोरलेलं. वर्षभर तो नानांच्या माळ्यावर मानानं झोपलेला असायचा. आतली कल्हई केव्हाच उडाली होती. सुगंधानं हे नानांच्या कानावर घातलं होतं, आणि नाना म्हणाले होते, "आता घरोघर स्टील इला. कल्हईवालो खंय गावता? फुडच्या वर्साक बघू."

दर वर्षी टोपात भात शिजायचा, त्यामुळे निभावून जायचं. त्या वर्षी माणसं इतकी जमली की भात मंडपवाल्याच्या मोठ्या डेगीत करावा लागला. मग गावचा टोप रिकामा कसा ठेवायचा? नानांनी फर्मान काढलं, "तेच्यात सोलकढी कर."

सोलकढी पान वाढायच्या वेळी करायची, तर भाषणं कधी संपतील याचा नेम नाही. म्हणून सुगंधानं सकाळीच द्रौपदीला बसवून नारळ खवून घेतले, रस काढला, आमसुलांचं पाणी घातलं आणि कढी टोपात ओतून ठेवली. तेवढ्यात नाना बोलायला उभे राहिले. नाना बोलायला उभे राहिले की उन्हं कलल्याशिवाय बसत नसत. गावच्या देवळापासून ते रस्त्याच्या डांबरापर्यंत सगळं त्यांनी घेतलं.

पंगत बसली तेव्हा सुगंधानं हातावर थेंब घेऊन चव पाहिली. जिभेला काहीतरी ओशट, तुरट लागलं. कढी कळकली होती. बिनकल्हईच्या पितळेत आंबट राहिलं की कळकतं हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं, तसं तिलाही होतं. पण नारळ संपलेले, पानं मांडलेली, आणि दारातून नाना हाका मारत होते. तिनं वरून लसूण ठेचून घातली, मूठभर कोथिंबीर टाकली आणि वाढायला घेतली.

तासाभरात पहिला ओकला तो खानावळीत जेवणारा लवू. तो वाट्यावर वाट्या प्यायला होता. मग एकेकजण पोट धरून मोरीकडे पळू लागला. मंडळातल्या म्हाताऱ्या राजारामला तर रिक्षात घालून हॉस्पिटलात न्यावं लागलं, सलाईन लावलं. अन्नातून विषबाधा, डॉक्टर म्हणाले. राजाराम वाचेपर्यंत सुगंधाच्या घशाखाली पाणी उतरलं नाही.

सगळे बरे झाले आणि मग चौकशी सुरू झाली. जेवणाला कोणाकोणाचा हात लागला होता? लवू म्हणाला, "सकाळी मी बर्फ आणून दिला ना, तेव्हा ती समोरची बाई नारळ खवत होती." तेवढ्यानं सगळ्यांना उत्तर सापडलं.

संध्याकाळी द्रौपदी दारात आली. उंबरठ्याच्या आत आली नाही.

"ताई, माझ्या हातानं झालं म्हणतात. खरं का?"

"नाही गं. टोपाची कल्हई गेली होती. कढी कळकली, आणि मला कळलं होतं."

"मग तसं सांगा की त्यांना."

एवढं सरळ होतं ते. सांगावं, तर कळकलेली कढी जाणूनबुजून वाढली म्हणून खानावळ जाणार, खोली जाणार, आणि सांगू नये, तर फुकटचा दोष माथी घेऊन ही बाई जन्मभर समोर राहणार. रात्री मंडळाची माणसं जमली तेव्हा ती आपणहून मधे जाऊन उभी राहिली.

"द्रौपदीचो काय दोष नाय. कढी टोपात कळकली. माका चव लागली, तरी मी वाढलंय. चूक माझी."

आता शिव्या पडतील म्हणून तिनं मान खाली घातली. शिव्या पडल्या नाहीत. नाना हसले, अगदी मायेनं हसले.

"तू भोळी आसस गो. दुसऱ्याचा पाप आपल्या डोक्यार घेवची तुका खोडच. आमच्या बापजाद्यांनी ह्याच टोपातला जेवाण खाल्ल्यानी. कोणाक काय झाला?"

"नाना, कल्हई नाय तेका. मी तुमका सांगलंलंय."

"पुरे आता. ती बाई हय परत दिसता नये. खानावळ तुझीच रवतली."

लवू मान हलवत होता, राजाराम छताकडे बघत होता. सुगंधाला किंचाळावंसं वाटलं. शिक्षा घ्यायला आलेल्या बाईला माफी देऊन त्यांनी तिचं तोंड बंद केलं होतं, आणि त्या माफीचा तिला विलक्षण राग आला. पण राग घेऊन जायचं कुठं? ती चुलीपाशी गेली आणि डाळ धुवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तिनं द्रौपदीला सारं सांगितलं. "तुम्ही बोललात ना, मग झालं," द्रौपदी म्हणाली. "खानावळ चालवा ताई. मी कुठं जाते?" ती कुठं गेली नाही खरी, पण दुपारी आलीही नाही. सुगंधा एकटीच खवू लागली.

पुढच्या वर्षी मेळाव्याच्या आदल्या दिवशी दोन माणसांनी टोप आणून ठेवला. मागून नाना आले. टोप आतून चांदीसारखा लखलखत होता.

"थेट भायखळ्याक धाडून कल्हई करून घेतलंय," नाना खुशीत म्हणाले. "आता कढी कितीय येळ ठेव. कळकाची भीती नाय."

सुगंधा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणजे त्यांना त्याच रात्री सारं पटलं होतं. त्या खोलीतल्या प्रत्येकाला पटलं असणार.

"नाना, मग द्रौपदी?"

"तिचा काय?" नानांना खरोखरच प्रश्न कळला नाही. मग कळला, तसे ते आवाज उतरवून म्हणाले, "ता झाला ता झाला. आता तिका परत बोलावलंस तर लोकां काय म्हणतली? आमीच खोटे?"

ते गेले. नारळ फोडायचे होते, उद्या पंगत होती. सुगंधा खवणीवर बसली. थोड्या वेळानं समोरचं दार उघडलं आणि द्रौपदी बादली घेऊन बाहेर आली. तिची नजर उघड्या दारातून आत, टोपाच्या आतल्या चकचकीत अंगावर गेली आणि तिथंच थांबली. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. सुगंधाकडे न बघताच ती आत वळली, आणि दाराची कडी लागल्याचा आवाज आला. सुगंधानं पुढचा नारळ घेतला.