एकमताने दोषी

शारजातल्या आमच्या मराठी मंडळात सगळे ठराव एकमताने होतात. चर्चा वाढली की जेवण निवतं, म्हणून अध्यक्षांचं वाक्य पुरं होण्याआधीच हात वर असतात. यंदा मुलांनी एका खटल्याचं नाटक बसवलं, त्यात ज्यूरी म्हणून आम्हा बारा पालकांना बसवण्यात आलं.

खटला व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, खराखुरा. आठ वर्षांच्या दोन पोरांवर एका लहानग्याला ओढ्यात बुडवून मारल्याचा आरोप. त्यातला एक आरोपी माझी मुलगी, तीही आठच वर्षांची. तिला वाक्य एकही नव्हतं. ‘दोषी’ ऐकलं की रडायचं, एवढंच काम. आठवडाभर ती आरशासमोर एवढी रडली की शेजारच्या बाई बेल वाजवून चौकशी करून गेल्या.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. त्यांचा सत्कार झाला, मग सत्कार करणाऱ्यांचा झाला. अखेर खटला उभा राहिला. अध्यक्षच न्यायाधीश, डोक्यावर कापसाचा टोप. मुलगी उंच खुर्चीत, पाय लोंबकळत.

“निकाल एकमतानेच लागेल,” अध्यक्ष म्हणाले. “दोषी असं ज्यांना वाटतं, त्यांनी...”

अकरा हात वर गेले. मी त्या लोंबकळत्या पायांकडे पाहत राहिलो.

“अहो, तुमचा हात?”

“आठ वर्षांचा आहे हो आरोपी.”

“यल्ला, चला साहेब! फाशी देतोय का आपण? बिर्याणी लागलीय तिकडे.”

“पोरगी त्यांची ना, वशिला चालणारच,” मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

मुलगी माझ्याकडे डोळे वटारून पाहत होती. माझा हात वर गेल्याशिवाय तिला रडता येणार नव्हतं. मी हात वर केला.

ती रडली. आरशासमोरचे हुंदके कुठेच नव्हते. नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली आणि डोळे वाहत राहिले. प्रमुख पाहुणे म्हणाले, “फारच नॅचरल.”

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, “बाबा, डू यू थिंक आय डिड इट?”

“नाही गं. तुला रडायचं होतं, म्हणून हात वर केला.”

“अँड द अदर अंकल्स?”

“त्यांना भूक लागली होती.”

सिग्नलला गाडी थांबली.

“अँड द रियल ज्यूरी?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. सिग्नल हिरवा झाला होता, तरी मागच्याने हॉर्न दिल्यावरच मी गाडी काढली.