मुंबईला फोनवर ऐकवलेली गाणी

आता सांगतोच, पण हसायचं तर पोटभर हसा, अर्धवट नको. मी माझ्या एका बोटाने अख्खा बँड बुडवला आहे. हो, बोटाने.

आम्ही तिघं. मंदार गायचा आणि गिटार वाजवायचा, सुजय ड्रम्सवर, मी बास गिटारवर. आठवडाभर खराडीत सॉफ्टवेअर, रविवारी कोथरूडला माझ्या गॅरेजमध्ये मराठी रॉक. गाणी मंदारची स्वतःची. त्यामुळे आम्हाला लग्नात कुणी बोलावत नसे.

तर मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी कळवलं, रेकॉर्डिंग नको, त्यात सगळेच चांगले वाटतात. रविवारी फोनवर वाजवून दाखवा. नेमकं तेव्हाच मंदारला ऑफिसने अमेरिकेला जायला सांगितलं होतं. साहेब हो म्हणाले तर अमेरिका गेली खड्ड्यात, असं त्याने जाहीर केलं.

रविवारी मी फोन लावला, नमस्कार केला, स्पीकर चालू करून मोबाइल खुर्चीवर ठेवला. आणि काय वाजवलं आम्ही! वरच्या मजल्यावरचे लेले काका दर रविवारी तक्रार घेऊन यायचे. त्या दिवशी खाली आले आणि म्हणाले, "आज पहिल्यांदाच गाणं चाललंय असं वाटलं." पुण्यात याहून मोठा पुरस्कार असतो का?

तीन गाणी संपवून पाहिलं तर फोन कट. मंदार म्हणाला, परत लावू. मी शहाणा! म्हटलं, साहेब भारावलेत, आता तेच करतील फोन. आपण मागे लागलो की किंमत जाते. आठवडाभर मी त्याला अडवून धरलं. सुजयने तर पेढेही वाटले.

शेवटी मलाच राहवेना. ऑफिसच्या जिन्यातून फोन लावला.

साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही नमस्कार केलात आणि गप्प झालात. आम्ही किती वेळ हॅलो हॅलो करत होतो. शेवटी दुसरा बँड घेतला."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे क्लायंटच्या कॉलवर नमस्कार झाला की आधी म्यूट दाबायचं, म्हणजे निवांत वडापाव खाता येतो. बोटाला तीच सवय. रविवारीही त्याने इमानेइतबारे म्यूट दाबलं, आणि साहेबांचं हॅलो आमच्या ड्रम्सखाली गेलं.

मंदारला सांगितलं. चिडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "तसं परत नाही वाजणार रे." आणि गेला अमेरिकेला. बँड तिथेच संपला. मला अजून फार वाईट वाटतं.

आता तो तिकडे मॅनेजर आहे आणि आमचंच प्रोजेक्ट बघतो. दर गुरुवारी कॉलवर पंधरा-वीस जण असतात. बाकी कुणाला काही विचारत नाही. फक्त सुरुवातीला म्हणतो, "नीलेश, आधी तू काहीतरी बोल. ऐकू आलं की सुरू करू."