कोपरामागची शीर

गंगाराम तांबे एकतीस वर्षं कुष्ठरोगाचं काम करत होते. देवरूखच्या आसपासची एकही वाडी त्यांनी पायी तुडवायची ठेवली नव्हती. निवृत्तीला साहेबांनी नारळ दिला आणि म्हणाले, "आता हा रोग संपलाय." रोग कुठे गेला होता? ओळखणारी माणसं तेवढी घरी बसली होती.

गेल्या साली मार्गशीर्षात शेजारच्या वाडीतली सोनूबाई त्यांच्याकडे आली. भाकरी भाजताना करंगळीला फोड आला, तो तिला दुसऱ्या दिवशी दिसला. गंगारामांनी तिला डोळे मिटायला लावून हातावरच्या फिकट चट्ट्यावर कापूस फिरवला.

"कळतंय?"

"काय ता?"

त्यांनी कोपरामागची, करंगळीकडे जाणारी संवेदनेची शीर चाचपली. दोरीसारखी जाड लागली, कुष्ठरोगात सुजते तशी.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गजकर्ण. दीड वरीस मलम चोळतंय."

"हात लावून बघितलं त्यांनी?"

"नाय वो तात्या. खुर्चीवरनंच."

त्याच आठवड्यात तालुक्याला डॉक्टरांचं प्रशिक्षण होतं. जुना माणूस म्हणून गंगारामांना पंधरा मिनिटं दिली होती. सोनूबाईला विचारून ते तिला सोबत घेऊन गेले. चाळीस डॉक्टर, निम्मे मोबाईलमध्ये, निम्म्यांचं नाक जेवणाच्या वासाकडे. पहिल्या रांगेत मलमवाले डॉक्टर उन्मेष.

"डॉक्टर, या बाईंची शीर तपासा."

उन्मेषांनी हातमोजे चढवले आणि दंड दाबला. "नॉर्मल आहे."

"शीर कोपरामागे असते. दंडात काय शोधताय?"

मागून कुणीतरी विचारलं, "प्रमाणपत्रं जेवणाआधी मिळतील का?"

गंगारामांना वाटलं, यांच्यापेक्षा आमचा शिपाई बरा होता, निदान रुग्णाचा हात धरायचा. तेवढ्यात सावनी नावाची तरुण डॉक्टर पुढे आली. तिने उघड्या बोटांनी कोपर चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मला हे कुणी शिकवलंच नाही, काका."

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?" गंगाराम फटकन म्हणाले. पण तिची बोटं पुन्हा योग्य जागी नेऊन त्यांनी तिला शीर नीट दाखवली.

सावनीने सोनूबाईची औषधं सुरू केली, वर्षभर दर महिन्याला स्वतः हात तपासला. रोग आटोक्यात आला. करंगळी मात्र वाकली ती वाकलीच. सोनूबाईला आता विळा धड धरता येत नाही.

यंदाच्या प्रशिक्षणात व्याख्यान डॉक्टर उन्मेषांचं होतं. त्यांनी आदल्या दिवशी गंगारामांना फोन केला. "तांबे, त्या बाईच्या हाताचा फोटो आहे का हो? दाखवायला बरा पडेल."

"बाई वाडीतच आहेत. येऊन हात बघा," गंगाराम म्हणाले आणि फोन ठेवला.

उन्मेष आले नाहीत. व्याख्यान झालं, टाळ्याही पडल्या म्हणे.